ओपनस्टॅक डॅशबोर्डवर व्हीएम उभी राहत नाही तेव्हा

ओपनस्टॅक ही स्वतःचं क्लाउड उभारण्याची प्रणाली आणि हॉरायझन हा तिचा वेब डॅशबोर्ड. तिथे व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, उभी करायला 'लॉंच इन्स्टन्स' दाबलं की पडद्यामागे बरीच धावपळ होते. विनंती मशीन सांभाळणाऱ्या नोव्हाच्या एपीआयकडे जाते, ओळख पटवणारं कीस्टोन टोकन तपासतं, कोटा (प्रोजेक्टला ठरवून दिलेली मर्यादा) पाहिला जातो. मग नोव्हाचा कंडक्टर जागा निवडणाऱ्या शेड्यूलरला विचारतो, शेड्यूलर मोकळ्या जागेचा हिशोब ठेवणाऱ्या प्लेसमेंटला विचारतो आणि एक नोड (मशीन चालवणारा सर्व्हर) ठरतो. त्या नोडवरचं नोव्हा-कंप्यूट नेटवर्क पाहणाऱ्या न्यूट्रॉनकडून पोर्ट (नेटवर्कची जोडणी), ग्लान्सकडून इमेज (तयार ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल) आणि लागलंच तर सिंडरकडून व्हॉल्यूम (आभासी डिस्क) घेतं. सगळं हाताशी आलं की नोडवरची व्हर्च्युअलायझेशन सांभाळणारा लिबव्हर्ट मशीन सुरू करतो. डॅशबोर्डवर दिसतो तो यातल्या शेवटी हात टेकलेल्याचा निरोप. दुखणं बहुतेक वेळा त्याच्या एक-दोन पायऱ्या आधी असतं. म्हणून मशीन कुठवर पोहोचली होती हे आधी पाहा, एरर नंतर वाचा.

पुढची उदाहरणं एका छोट्या मांडणीवर बेतलेली आहेत: तीन कंट्रोलर (ओपनस्टॅकच्या मुख्य सेवा चालवणारे सर्व्हर), सहा कंप्यूट नोड, मागे सेफ (Ceph) ही अनेक सर्व्हरवर पसरलेली स्टोरेज प्रणाली. चार नोड महापेच्या सर्व्हर रूममध्ये, दोन खाडीपलीकडे ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, आणि डॅशबोर्डवर 'महापे' व 'वागळे' असे दोन अ‍ॅव्हेलेबिलिटी झोन. नावं तुमच्याकडे वेगळी असतील, तपासणीचा क्रम तोच राहील.

पुन्हा 'लॉंच' दाबण्याआधी

एकदा फसलं की लोक लगेच चार-पाच वेळा पुन्हा प्रयत्न करतात. त्याने काम अवघड होतं. 'एरर'मधली प्रत्येक मशीन कोट्यात मोजली जाते, लॉगमध्ये गर्दी होते, आणि ज्या नोडवर बांधणी फसली त्याला शेड्यूलर पुढच्या वेळी मागे ढकलतो. चूक इमेजची असली तरी शिक्षा चांगल्या नोडला होते.

त्याऐवजी फसलेल्या मशीनच्या नावावर क्लिक करा. 'ओव्हरव्ह्यू'मध्ये खाली 'फॉल्ट' असतो, तो पूर्ण वाचा. 'अ‍ॅक्शन लॉग'मध्ये 'रेक्वेस्ट आयडी' मिळतो, 'रेक' आणि आडव्या रेघेने सुरू होणारा. तो कॉपी करून ठेवा. हाच क्रमांक नोव्हाच्या सगळ्या सेवांच्या लॉगमध्ये असतो, त्यामुळे तिन्ही कंट्रोलरवर आणि नोडवर एकच शोध घेऊन सबंध प्रवास हाती येतो. पॅकेजमधून बसवलेल्या क्लाउडवर लॉग '/व्हार/लॉग/नोव्हा'मध्ये सापडतील, कोल्लाने (कंटेनरमध्ये) बसवलेल्यावर '/व्हार/लॉग/कोल्ला/नोव्हा'मध्ये.

तिसरी गोष्ट अ‍ॅडमिनलाच दिसते: मशीनला होस्ट मिळाला होता का? अ‍ॅडमिनच्या इन्स्टन्स यादीत 'होस्ट' रकाना पाहा, किंवा कमांड लाइनवर 'ओपनस्टॅक सर्व्हर शो' चालवा. होस्ट रिकामा असेल तर आधी शेड्यूलरकडे बघा. नोडचं नाव असेल तर थेट त्या नोडवर जा.

वेळ जुळवताना एक काळजी घ्या. सर्व्हर यूटीसीवर असतील तर आपल्याकडे सकाळी 11:30 ला आलेला एरर लॉगमध्ये 06:00 ला नोंदलेला असतो. साडेपाच तासांचा हा फरक विसरून लोक भलत्याच ओळी वाचत बसतात. हॉरायझनचा टाइमझोनही वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये बदलेपर्यंत यूटीसीच असतो.

लगेच नकार आला तर

मशीन यादीत येण्याआधीच लाल पट्टी आली तर काम सोपं आहे. 'कोटा एक्सीडेड' असेल तर त्या निरोपातच किती मागितलं, किती वापरात आहे आणि मर्यादा किती हे लिहिलेलं असतं. कोणी हात लावला नसेल तर नोव्हाचा मूळ कोटा प्रत्येक प्रोजेक्टला 10 मशीन, 20 कोअर आणि 51200 एमबी रॅम इतका असतो. विद्यार्थ्यांच्या लॅबला तो पहिल्याच दिवशी अपुरा पडतो. वाढवण्याआधी 'एरर'मधल्या जुन्या मशीन काढा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

फ्लेवर म्हणजे मशीनच्या कोअर, रॅम आणि डिस्कचा ठरलेला साचा. 'फ्लेवर्स डिस्क इज टू स्मॉल' असा निरोप असेल तर इमेजच्या फाइलचा आकार पाहून फसू नका. क्यूकाउ2 या जागा वाचवणाऱ्या फॉरमॅटची फाइल 600 एमबीची दिसते, पण तिचा आतला आकार 20 जीबी असू शकतो. 'क्यूईएमयू-इमेज इन्फो' चालवून 'व्हर्च्युअल साइझ' पाहा. फ्लेवरची डिस्क निदान तेवढी हवी.

'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड'

सगळ्यात जास्त छळणारा आणि सगळ्यात कमी सांगणारा निरोप हाच. योग्य नोड सापडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. का सापडला नाही ते शेड्यूलरच्या लॉगमध्ये असतं. तिथे दोनपैकी एक गोष्ट दिसेल.

'गॉट नो अ‍ॅलोकेशन कॅन्डिडेट्स' अशी ओळ असेल तर प्लेसमेंटनेच हात वर केले: त्याच्या हिशोबाने कोणत्याही एका नोडवर मागितलेली रॅम, कोअर आणि डिस्क एकत्र शिल्लक नाही. 'एका नोडवर' हे दोन शब्द महत्त्वाचे. महापेच्या चारही नोडवर प्रत्येकी 12 जीबी रॅम मोकळी असेल तर हॉरायझनची 'हायपरव्हायझर' बेरीज 48 जीबी मोकळी दाखवते, आणि तरीही 16 जीबीची एक मशीन कुठेच बसत नाही. बेरीज पाहू नका, एकेका नोडची ओळ पाहा. उपाय दोनच: लहान फ्लेवर घ्या, किंवा एखादी मशीन दुसऱ्या नोडवर लाइव्ह मायग्रेट करून (चालू असतानाच हलवून) एका ठिकाणी सलग जागा करा.

त्याच पानावर 32 कोअरच्या नोडवर 64 व्हीसीपीयू (आभासी कोअर) वापरात दिसले म्हणून घाबरू नका. सीपीयू ठरलेल्या पटीत वाटला जातो. नोव्हाच्या जुन्या आवृत्त्यांत ही पट मुळातच 16 होती आणि रॅमची 1.5. झेड आवृत्तीपासून नव्या नोडसाठी ती 4 आणि 1 केली गेली. आमचं स्पष्ट मत असं की रॅमची पट 1 च ठेवावी. सीपीयू जास्त वाटला तर मशीन मंदावतात, रॅम जास्त वाटली तर कर्नल चालती मशीन मारून टाकतो. नोडच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेली रॅम मुळात 512 एमबी असते. त्याच नोडवर सेफचे ओएसडी (डिस्क सांभाळणाऱ्या प्रक्रिया) चालत असतील तर ती फारच तोकडी आहे. तिथे काही जीबी राखा.

प्लेसमेंटला थेट विचारायचं असेल तर 'ओपनस्टॅक अ‍ॅलोकेशन कॅन्डिडेट लिस्ट' ही कमांड उपयोगी आहे. तिच्यासाठी प्लेसमेंटचं क्लायंट प्लगइन बसवलेलं हवं आणि मायक्रोव्हर्जन (एपीआयची आवृत्ती) 1.10 किंवा पुढचं द्यावं लागतं. फ्लेवरमधले व्हीसीपीयू, रॅम आणि डिस्क यांचे आकडे देऊन पाहा. यादी रिकामी आली तर एकेक आकडा कमी करत जा. कोणता आकडा कमी केल्यावर नोड दिसू लागतात, तिथे टंचाई आहे. बऱ्याचदा ती डिस्कची निघते, कारण डिस्कची पट मुळात 1 असते आणि लोकांचं लक्ष रॅमवर असतं.

दुसरी शक्यता अशी की प्लेसमेंटने नोड दिले, पण फिल्टरांनी गाळले. मग लॉगमध्ये 'फिल्टरिंग रिमूव्ह्ड ऑल होस्ट्स' अशी ओळ येते आणि पुढे प्रत्येक फिल्टरचं नाव, सुरुवातीला किती नोड होते, शेवटी किती उरले, हे क्रमाने असतं. जिथे 6 चे 0 झाले, तो फिल्टर पकडा.

'कंप्यूट फिल्टर'ने गाळले तर नोडची सेवा 'डाउन' किंवा 'डिसेबल्ड' आहे. 'ओपनस्टॅक कंप्यूट सर्व्हिस लिस्ट' चालवा. सेवा दर 10 सेकंदांनी हजेरी लावते, 60 सेकंद हजेरी आली नाही की डाउन धरली जाते. देखभालीसाठी डिसेबल केलेला नोड परत एनेबल करायचा राहून जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे डिसेबल करताना 'डिसेबल रीझन'मध्ये तारीख आणि कारण लिहायची सवय लावा. झोनमुळे नोड गळले तर फॉर्ममध्ये निवडलेला झोन पाहा: 'वागळे' निवडलेला असेल आणि तिथले दोन्ही नोड भरलेले असतील, तर महापे रिकामं असून उपयोग नाही. फ्लेवरला एसएसडी किंवा जीपीयूसारखी अट जोडलेली असेल तर तीच अट होस्ट अ‍ॅग्रिगेटवर (नोडांच्या गटावर) अक्षरशः तशीच लिहिलेली हवी. कॅपिटल-स्मॉल अक्षराच्या फरकानेही नोड गळतो.

नवा नोड जोडलाय, सेवा 'अप' दिसते, पण त्यावर एकही मशीन जात नाही? मग तो सेलशी (नोव्हाने केलेल्या नोडांच्या विभागाशी) जोडायचा राहिला आहे. कंट्रोलरवर 'नोव्हा-मॅनेज सेल व्ही2 डिस्कव्हर होस्ट्स' चालवा.

'एक्सीडेड मॅक्सिमम नंबर ऑफ रिट्राइज' हा निरोप वरवर सारखा वाटतो, पण गोष्ट वेगळी आहे. इथे नोड सापडले होते. मशीन एकामागून एक तीन ठिकाणी बांधून पाहिली आणि सगळीकडे फसली. शेड्यूलरला सोडा, त्या नोडांचे नोव्हा-कंप्यूट लॉग उघडा.

'बिल्ड'मध्येच लटकली तर

ना एरर, ना अ‍ॅक्टिव्ह. अशा वेळी 'टास्क' रकान्यातला शब्द बघा.

'शेड्यूलिंग'वर पाच-दहा मिनिटं थांबली असेल तर निरोपच पोहोचत नाहीये. सेवांमधले निरोप पोहोचवणारा रॅबिटएमक्यू तपासा. 'रॅबिटएमक्यू-सीटीएल क्लस्टर स्टेटस'मध्ये तिन्ही कंट्रोलर चालू दिसले पाहिजेत आणि 'अलार्म'खाली काही नसलं पाहिजे. डिस्कवरची मोकळी जागा मर्यादेखाली गेली की रॅबिटएमक्यू नवे निरोप घेणं थांबवतो. सेवा 'अप' दिसत असते, लॉगमध्ये मात्र 'मेसेजिंग टाइमआउट' साचत जातो. '/व्हार'मध्ये भरमसाट वाढलेले लॉग हे यामागचं नेहमीचं कारण. जागा मोकळी केली की अलार्म आपोआप उतरतो. मग रांगा पाहा: 'कंडक्टर' आणि 'शेड्यूलर' या रांगांना ग्राहक (निरोप उचलणारे) शून्य असेल तर ती सेवा रिस्टार्ट करा.

घड्याळंही इथेच तपासून घ्या. तीन कंट्रोलरांच्या वेळेत मिनिटभराचा फरक पडला की धडधाकट सेवा कधी अप, कधी डाउन दिसतात. 'क्रोनी-सी ट्रॅकिंग' प्रत्येक कंट्रोलरवर चालवा. सेफचे मॉनिटर (देखरेख करणाऱ्या सेवा) तर 0.05 सेकंदांच्या फरकालाच तक्रार करतात.

'स्पॉनिंग'वर थांबली असेल तर बहुतेक इमेज उतरतेय. 40 जीबीची विंडोज इमेज महापेहून वागळेच्या नोडवर पहिल्यांदा जाताना लिंकच्या वेगानेच जाणार. 1 जीबीपीएस लिंक पूर्ण मोकळी असली तरी साडेपाच मिनिटं लागतात. दुसऱ्यांदा ती नोडच्या कॅशमध्ये असते. ही कॅश '/व्हार/लिब/नोव्हा/इन्स्टन्सेस'खाली 'बेस' फोल्डरमध्ये असते आणि ते विभाजन भरलं की मशीन उभी राहत नाही. म्हणून नोडवर 'डीएफ' (मोकळी जागा दाखवणारी कमांड) एकदा पाहाच.

व्हॉल्यूम: 187 सेकंद, 61 प्रयत्न

'ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग'वर रेंगाळून तीन मिनिटांनी एरर आला, तर फॉल्टमध्ये असं काहीसं वाचायला मिळतं: व्हॉल्यूम 187 सेकंद किंवा 61 प्रयत्न थांबूनही तयार झालं नाही. आकडा एक-दोनने इकडेतिकडे होईल. नोव्हा व्हॉल्यूम तयार झालं का हे मुळात 60 वेळा, दर 3 सेकंदांनी पुन्हा विचारतं, आणि मग सोडून देतं. म्हणजे सिंडर मोडलेलंच असेल असं नाही, ते हळू असू शकतं.

बहुतेकदा सिंडर इमेजची क्यूकाउ2 फाइल आधी उतरवून घेतं, रॉमध्ये (साध्या, पूर्ण आकाराच्या फॉरमॅटमध्ये) बदलतं, मग सेफमध्ये लिहितं. यात मिनिटं जातात. इमेज मुळातच रॉ स्वरूपात सेफवरच्या ग्लान्समध्ये असेल, आणि ग्लान्स-सिंडर दोघांनाही तसं सेटिंग दिलेलं असेल, तर तिची कॉपी होतच नाही. क्लोन बनतो, काही सेकंदांत. त्यासाठी 'क्यूईएमयू-इमेज कन्व्हर्ट'ने क्यूकाउ2 ची रॉ करून पुन्हा अपलोड करा. सेफ वापरणाऱ्यांनी दुसरं काही केलं नाही तरी एवढं करावं. तोवर चालवायचं असेल तर नोव्हाच्या कॉन्फिगमध्ये 'ब्लॉक डिव्हाइस अ‍ॅलोकेट रिट्राइज' 60 वरून 200 करा. विचारणारं नोव्हा-कंप्यूट असतं, तेव्हा बदल सगळ्या कंप्यूट नोडवर हवा.

सिंडर खरंच मोडलंय का हे पाहायला मशीनशिवाय 1 जीबीचं रिकामं व्हॉल्यूम बनवा. तेही 'एरर'मध्ये गेलं तर 'सेफ स्टेटस' पाहा. ओएसडी 85 टक्के भरला की सेफ इशारा देतं, 95 टक्क्यांवर लिहिणंच थांबवतं. रिकामं व्हॉल्यूम तयार झालं तर संशय इमेजकडे वळवा.

हॉरायझनच्या लॉंच फॉर्ममध्ये 'क्रिएट न्यू व्हॉल्यूम' मुळातच 'यस'वर असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. तपासणीपुरतं ते 'नो' करून पाहा. मशीन उभी राहिली तर गुंता व्हॉल्यूमच्या बाजूला आहे हे एका फेरीत कळतं.

नेटवर्क

'नो मोअर आयपी अ‍ॅड्रेसेस' म्हणजे सबनेट (आयपी पत्त्यांचा संच) संपलं. /28 च्या सबनेटमध्ये वापरता येणारे 14 पत्ते, त्यातला एक गेटवेचा, एक-दोन पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचे. हातात 11 किंवा 12 उरतात. कोणाच्याही मशीनला न जोडलेले जुने पोर्ट पत्ते अडवून बसलेले असतात, ते आधी काढा.

'बाइंडिंग फेल्ड फॉर पोर्ट' आला तर नोव्हाचा लॉग वाचण्यात वेळ घालवू नका, न्यूट्रॉन सर्व्हरचा लॉग उघडा. 'ओपनस्टॅक नेटवर्क एजंट लिस्ट'मध्ये त्या नोडचा एजंट जिवंत आहे का बघा. जिवंत असेल तर नेटवर्कचं भौतिक नाव आणि नोडवरच्या 'ब्रिज मॅपिंग्ज'मधलं नाव जुळवा. नेटवर्क 'फिजनेट1'वर बनवलंय आणि वागळेच्या नोडवर 'फिजनेट2' लिहिलंय, तर महापेला मशीन उठते आणि वागळेला उठत नाही. एकाच झोनमध्ये फसतंय असं दिसलं की पहिला संशय इथेच घ्या. दुरुस्ती झाल्यावर फसलेला पोर्ट पुन्हा वापरू नका, नवा बनवा.

'व्हर्च्युअल इंटरफेस क्रिएशन फेल्ड' हा एरर बरोबर पाच मिनिटांनी येतो, कारण नोव्हा न्यूट्रॉनच्या होकाराची 300 सेकंद वाट पाहतं. टाइमआउट शून्य करा असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो मानू नका: मशीन 'अ‍ॅक्टिव्ह' दिसेल, पण तिला नेटवर्क नसेल. नोडवरचा एजंट आणि रॅबिटएमक्यूची जोडणी दुरुस्त करा.

लिबव्हर्ट आणि नोड

कंप्यूट लॉगमध्ये केव्हीएम मॉड्यूल सापडलं नाही असं असेल तर बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही ही प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद आहे. मदरबोर्ड बदलल्यावर किंवा बायोस रीसेट झाल्यावर हे हमखास होतं. सबंध क्लाउडच व्हीएममध्ये बसवलेलं असेल आणि नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन मिळत नसेल, तर 'व्हर्ट टाइप' क्यूईएमयू (सॉफ्टवेअरने केलेली नक्कल) ठेवा. मशीन हळू चालतील, पण उठतील. 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' दिसलं तर प्लेसमेंटच्या वहीत रॅम आहे, नोडवर नाही. वर सांगितलेली राखीव रॅम वाढवा.

'इमेज कंटेंट डझ नॉट मॅच डिस्क फॉरमॅट' हा एरर 2024 च्या सुरक्षा दुरुस्तीनंतर दिसू लागला. अपलोड करताना फॉरमॅट चुकीचा निवडलेला जुन्या काळी खपून जायचा, आता नाही. इमेज योग्य फॉरमॅट देऊन पुन्हा चढवा. तपासणी बंद करू नका.

'अ‍ॅक्टिव्ह' आहे, पण आत जाता येत नाही

हॉरायझनमधला 'कन्सोल' उघडा. 'नो बूटेबल डिव्हाइस' असेल तर इमेज चुकली, किंवा ती यूईएफआयची (नव्या पद्धतीच्या बूटची) आहे आणि इमेजवर तशी खूण केलेली नाही. लॉगिन प्रॉम्प्ट दिसत असेल तर मशीन ठीक आहे. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनच्या फायरवॉल नियमांत) एसएसएचचा 22 नंबरचा पोर्ट उघडा आहे का पाहा. की पेअर (एसएसएच लॉगिनच्या किल्ल्या) लॉंच करतानाच निवडावी लागते, नंतर डॅशबोर्डवरून जोडता येत नाही. कन्सोल लॉगमध्ये क्लाउड-इनिट (बूट होताना मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम) 169.254.169.254 ला विचारत बसलेलं दिसलं तर मेटाडेटा सेवा पोहोचत नाहीये आणि की आत गेलेलीच नाही.

पिंग जातो पण एसएसएच जोडताना गोठतं, तेव्हा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) तपासा. व्हीएक्सलॅन या आभासी नेटवर्कच्या वेष्टनात 50 बाइट वरखर्ची जातात, म्हणून मशीनच्या आत 1450 हवा. ओव्हीएनच्या जिनीव्ह वेष्टनात 1442. आत 1500 असेल तर लहान पॅकेट जातात, मोठी गळतात.

वीज गेल्यानंतर

महावितरणचा शटडाउन लांबला, यूपीएस उतरला आणि सगळं बंद पडलं, तर उठवण्याचा क्रम पाळा: आधी सेफ, मग डेटाबेस, मग रॅबिटएमक्यू, मग कीस्टोन, त्यानंतर बाकीच्या सेवा आणि सगळ्यात शेवटी कंप्यूट नोड. तिन्ही डेटाबेस एकदम बंद झाले असतील तर गॅलेरा (त्यांना जोडणारा क्लस्टर) आपोआप उभा राहत नाही. ज्या कंट्रोलरच्या 'जीआरए-स्टेट' फाइलमध्ये 'सेफ टू बूटस्ट्रॅप' (इथे सेफ म्हणजे सुरक्षित) पुढे 1 आहे, तिथून सुरू करा. तिन्हीकडे 0 असेल तर प्रत्येकाचा शेवटचा ट्रान्झॅक्शन क्रमांक काढून सगळ्यात पुढचा शोधावा लागतो. अंदाजाने एक निवडलात तर डेटा जाईल. ठरवून बंद करत असाल तर आधी सेफवर 'नोआउट' (बंद ओएसडी बाहेर न काढण्याची खूण) लावा, आणि उठल्यावर काढायला विसरू नका.

सगळं उठल्यावर लगेच लोकांना डॅशबोर्ड देऊ नका. सिरॉसची चाचणीसाठीची लहानशी इमेज, 1 व्हीसीपीयू आणि 512 एमबी रॅम घेऊन प्रत्येक झोनमध्ये एक मशीन व्हॉल्यूमशिवाय आणि एक व्हॉल्यूमसकट उभी करा, कन्सोलवर लॉगिन दिसेपर्यंत थांबा, मग पुसा. पुसताना व्हॉल्यूमची यादीही उघडून बघा. हॉरायझनमध्ये 'डिलीट व्हॉल्यूम ऑन इन्स्टन्स डिलीट' मुळात 'नो'वर असतं, त्यामुळे मशीन गेली तरी व्हॉल्यूम मागे राहतं आणि कोटा खात बसतं.